बंदुकीच्या दारूचं शिंग आणि गोव्याचा पावसाळा

ठासणीची जुनी बंदूक दिसली की सगळे नळी आणि चाप न्याहाळतात. तिच्या सोबतीनं आलेलं दारूचं शिंग किंवा पितळी कुपी कोपऱ्यात पडून राहते. मला मात्र खरी अक्कल त्या कुपीत दिसते. ओल आणि ठिणगी या दोन्ही शत्रूंना तिला एकाच वेळी थोपवायचं असतं, आणि त्यातली ओल आपल्या गोव्यात चार महिने घरातच मुक्कामाला असते.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन पुरवतो. शुद्ध सोरा ओलीला सहसा दाद देत नाही. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर गेली तरच तो पाणी ओढून विरघळू लागतो. पण पूर्वी सोरा मातीतून धुऊन काढत, आणि नीट शुद्ध केला नाही तर त्यात इतर क्षार राहून जात. सोडियम नायट्रेटला पाझर फुटायला सुमारे ७५ टक्के आर्द्रता पुरते, कॅल्शियम नायट्रेटला तर ५० टक्केच. पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना जुन्या गोव्याजवळ पणेलीला, अगदी मांडवीच्या काठी होता. तिथल्या आषाढातल्या हवेत कच्च्या सोऱ्याची दारू उघडी राहिली, तर तिचा चिखल व्हायला वेळ लागला नसता.

म्हणून शिंग. ते केराटिनचं असतं, पाणी आत शिरू देत नाही आणि धातूवर आपटलं तरी ठिणगी उडत नाही. गरम केलं की मऊ पडतं, मग दाबून चपटं करता येतं, म्हणजे कमरेला नीट बसतं. फिकट रंगाचं शिंग पातळ तासलं तर उजेडात धरून आत किती दारू उरली तेही दिसतं. जाड दाण्याची दारू नळीत जायची आणि कानावर, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रापाशी, ठेवायची रंजक (आधी पेटणारी दारू) बारीक असायची, त्यामुळे पुष्कळदा मोठ्या शिंगाबरोबर छोटी रंजकदाणीही असे.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय तांब्या-पितळेच्या कुप्यांचं तोंड तर हातात घेऊन बघण्यासारखं आहे. तोंडावर बोट दाबायचं, कुपी उलटी करायची आणि बाजूची कळ दाबायची. आतली पट्टी सरकते आणि वरची छोटी नळी दारूनं भरते. कळ सोडली की स्प्रिंग पट्टी परत लावते आणि नळीत मोजून एकाच बाराची दारू उरते. काहींवर ड्रामचे आकडे कोरलेले असतात. ३ ड्राम म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम. नळीत आधीच्या बाराचा धगधगता कण राहिला असेल आणि मधली पट्टी नीट बसत नसेल, तर जाळ थेट हातातल्या कुपीत शिरू शकतो. बाजारात किंमत कोरीवकामाला मिळते, पण कुपी घेताना मी आधी स्प्रिंग आणि पट्टीच तपासायला सांगेन.

चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून असं काही खाली आलं, तर आधी ते रिकामं आहे का ते पाहा. काळी दारू शंभर वर्षं कोरडी राहिली तरी पेट घेते. भिजून सुकलेलीवरही भरवसा नको. आत लोखंडी सळई खुपसू नका, दिव्याजवळ नेऊ नका. आत काही असल्याचा संशय आला तर पोलिसांना कळवा.

शिंगाला कसर आणि केराटिन खाणारे बारीक किडे लागतात, खाऱ्या हवेत पितळेवर हिरवा कळंक चढतो. म्हणून सिलिका जेल घातलेला बंद डबा बरा. एसीच्या झोतात मात्र शिंग तडकतं. हस्तिदंती रंजकदाणी कितीही देखणी असली तरी विकत घेऊ नका, वन्यजीव कायद्यानं हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू परदेशी पाठवायलाही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे.

सोबत शिशाच्या गोळ्या असतील तर त्या लाकडी पेटीत ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, आणि ती विषारी असते. हाताळून झालं की हात साबणानं धुवा.