369 धावपटू आणि दोन फुटांची वाट: जंगलातल्या छोट्या शर्यतींची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात दर जूनमध्ये शंभर मैलांची एक शर्यत होते, वेस्टर्न स्टेट्स. अर्ज येतात कित्येक हजारांच्या घरात आणि धावायला मिळतं वर्षाला सरासरी 369 जणांना. साडेतीनशे नाही, चारशे नाही, बरोबर 369. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी सहज ठरवला असेल. पण त्यामागे कायदा आहे. 1984 साली या वाटेच्या सुरुवातीचा डोंगराळ भाग ग्रॅनाइट चीफ या नावाने संरक्षित वनक्षेत्र झाला. अशा क्षेत्रात स्पर्धा भरवायला अमेरिकेत बंदी आहे. शर्यत आधीपासून चालत आलेली म्हणून तिला सूट मिळाली, पण 1984 मध्ये जितके धावले त्याहून सरासरीने जास्त लोक पुढे कधी धावायचे नाहीत, या अटीवर. त्या वर्षी पहाटे रेषेवर 369 जण उभे होते.

शहरातल्या मॅरेथॉनला सरावलेल्या माणसाला जंगलातल्या शर्यती पाहून प्रश्न पडतोच, की इथे माणसं इतकी कमी का? प्रायोजक नाहीत, प्रसिद्धी नाही, हे खरंच आहे. पण मुळात वाटच तेवढी असते. पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड ज्यांनी केलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. एखाद्या टेकडीच्या उतारावर घसाऱ्यात पुढचा माणूस अडला की मागची सगळी बॅटऱ्यांची रांग जागच्या जागी थांबते. डांबरी रस्ता रुंद करता येतो. पायवाट रुंद केली की झाडांची मुळं उघडी पडतात, पावसाचं पाणी त्या चरातून वाहायला लागतं आणि चार पावसाळ्यांत तिथे वाटेऐवजी ओहोळ असतो.

म्हणून या शर्यतींचा इतिहास मला नेहमी वाटेचाच इतिहास वाटतो.

डोंगरावर धावण्याची चढाओढ जुनी आहे. इंग्लंडमध्ये ग्रासमिअरच्या जत्रेत डोंगरातल्या वाटाड्यांची शर्यत 1868 पासून होत आली आहे. पण ते डोंगर उघडेबोडके, गवताचे. झाडीतून जाणारी, शंभर वर्षं उलटल्यावरही त्याच वाटेने धावली जाणारी शर्यत पाहायची तर डिप्सीकडे जावं लागतं. अमेरिकेतली ही सगळ्यांत जुनी ट्रेल शर्यत, म्हणजे पायवाटेवरची शर्यत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमलपायस डोंगरावर होते.

सुरुवात पैजेने झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबचे दोन सभासद, चार्ल्स बोआस आणि अल्फॉन्स कोनी. 1904 मध्ये त्यांच्यात ठरलं की मिल व्हॅलीच्या रेल्वे स्टेशनपासून डोंगर ओलांडून समुद्रकाठच्या ‘डिप्सी इन’पर्यंत आधी कोण पोहोचतो ते बघू. गोल्डन गेट पूल तेव्हा नव्हता, तो झाला 1937 मध्ये. शहरातली माणसं बोटीने खाडी ओलांडून, पुढे रेल्वेने मिल व्हॅलीला येत आणि सुट्टीचा दिवस डोंगरात घालवत. पैज बोआसने जिंकली. बघायला आलेल्या मित्रमंडळींना मात्र पैजेपेक्षा वाटच जास्त आवडली असावी, कारण त्यांनी लगेच मंडळ काढलं आणि 19 नोव्हेंबर 1905 ला पहिली रीतसर शर्यत भरवली.

1905 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी विल्यम केंट नावाच्या गृहस्थाने या वाटेवरच्या एका दरीतलं रेडवुड वृक्षांचं जुनं जंगल तोडीपासून वाचवण्यासाठी विकत घेतलं. पुढे त्याने ते सरकारला दान दिलं आणि 1908 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. तेच म्यूर वुड्स. म्हणजे शर्यत तीन वर्षांनी थोरली आणि जंगलाचं संरक्षण धाकटं. शर्यत आणि जंगल एकमेकांच्या शेजारी वाढले, आणि आज ती वाट राष्ट्रीय स्मारक आणि राज्य उद्यान या दोन्हींच्या हद्दीतून जाते. म्हणूनच डिप्सीतही जागा सुमारे 1500 च, त्याहून जास्त नाहीत.

अंतर म्हणाल तर बारा किलोमीटरच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं. मी इथे कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर एका रविवारी नुसती चालत गेले होते, तेव्हा पहिल्या वीस मिनिटांतच माझा गैरसमज दूर झाला. गाव संपता संपता पायऱ्या लागतात. तीन टप्प्यांत मिळून 688. दोन्ही बाजूंना लोकांची घरं, फाटकं, कुंड्या, आणि मधून ही वर जाणारी पायऱ्यांची ओळ. कुठे दगड, कुठे लाकूड, आणि पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, त्यामुळे पायाला लय सापडत नाही. लय सापडली असं वाटतं तोच एखादी पायरी चार बोटं उंच निघते. पायऱ्या संपल्या की उतरून म्यूर वुड्सच्या ओलसर सावलीत, तिथला ओढा ओलांडून पुन्हा चढ. चढांना धावणाऱ्यांनीच नावं ठेवली आहेत, डायनामाइट, कार्डियाक. कार्डियाकच्या माथ्यावर समुद्र दिसतो आणि माणसाला वाटतं, आलंच. मग निमुळत्या घळीतून खाली, झाडांच्या मुळांवरून उड्या मारत, आणि समुद्र अगदी हाताशी आल्यावर शेवटचा एक छोटा चढ. त्याचं नाव ‘इन्सल्ट’. ते नाव मला पूर्ण पटलं.

पण डिप्सीची खरी कमाई म्हणजे तिची सवलतीची पद्धत. सगळे एकदम सुटत नाहीत. सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत लहान आधी निघतात, मग वयाप्रमाणे एकेक गट, आणि ऐन विशीतले तगडे पुरुष शेवटी. पहिल्या आणि शेवटच्या गटात पंचवीस मिनिटांपर्यंत अंतर पडतं. सुरुवातीची अनेक वर्षं ही सवलत माणसाची कुवत बघून आयोजक ठरवत. 1965 पासून ती वयावर बांधली गेली. समुद्रावर जो पहिला पोहोचेल तो विजेता, मग तो कोणत्याही गटातला असो. आणि जो जिंकला त्याची पुढच्या वर्षी मिनिटं कापली जातात.

यातून काय घडू शकतं ते बघा. 1973 मध्ये दहा वर्षांच्या मेरी एटा बॉयटानोने ही शर्यत जिंकली. 2010 मध्ये तर आठ वर्षांची मुलगी पहिली आली. सत्तरीच्या आसपासच्या माणसांनीही जिंकली आहे. पहिल्या 35 जणांना काळा टी-शर्ट मिळतो, आणि तो अंगात घालून मिल व्हॅलीतून फिरणारी पासष्ट वर्षांची बाई पाहिली की गावातली पोरं तिच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मी पाहिली आहे. माझ्या मते एवढी न्याय्य शर्यत दुसरी नाही. नातू आणि आजी एकाच रेषेसाठी धावतात आणि दोघांनाही खरोखर जिंकता येतं.

बायकांची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती. 1918 मध्ये याच वाटेवर फक्त बायकांसाठी शर्यत सुरू झाली आणि तिला नाव दिलं ‘हाइक’. कारण बायकांनी लांब पल्ल्याचं धावणं तेव्हाच्या क्रीडा संघटनेला मान्य नव्हतं. नाव चालण्याचं, पण त्या धावल्याच. 1922 नंतर तेही बंद झालं. मुख्य शर्यतीत बायकांना रीतसर नाव नोंदवता आलं ते 1971 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत दहा वर्षांच्या मुलीने ती जिंकली, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते.

आणि जॅक कर्क. 1930 मध्ये तो पहिल्यांदा धावला. मंदीमुळे 1932 आणि 1933 ला, युद्धामुळे 1942 ते 1945 शर्यतच झाली नाही. जेव्हा जेव्हा झाली तेव्हा तो होता, अशा सलग 67 शर्यती. जिंकला दोनदा, 1951 आणि 1967 मध्ये. नव्वदी ओलांडल्यावरही तो त्या पायऱ्या चढत होता. पायऱ्या तेव्हा 671 धरल्या जात. कर्क म्हणायचा, डिप्सीचे जुने धावपटू मरत नाहीत, ते 672 व्या पायरीवर जातात. 2007 मध्ये, शंभर वर्षांचा होऊन, तो गेला.

वेस्टर्न स्टेट्सचा जन्म वेगळ्या वाटेवर झाला. ती मुळात घोड्यांची शर्यत, 1955 पासूनची. चोवीस तासांत शंभर मैल घोड्यावरून. 1974 मध्ये गॉर्डी एन्सलीने घोड्याशिवाय, घोडेस्वारांच्या बरोबर, स्वतःच्या पायांवर ते अंतर 23 तास 42 मिनिटांत पार केलं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या दोन वर्षं आधी कॅन्सस राज्यातल्या फोर्ट रायलीचे सैनिक याच वाटेने पायी गेले होते, वीस निघाले आणि सात पोहोचले, हे कमी लोक सांगतात. 1977 मध्ये पहिली पायी शर्यत झाली तेव्हा चौदा जण उभे राहिले, तिघांनी पूर्ण केली. आता 369 धावणाऱ्यांमागे सुमारे पंधराशे स्वयंसेवक राबतात. एका धावणाऱ्यामागे चार माणसं.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रकार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातच सुरू झाला. जो ओक्स नावाच्या धावपटूने मित्रांना नाताळचं खाणं जिरवायला पन्नास मैल धावायला बोलावलं. शुल्क नाही, बक्षीस नाही, वाटेत मदत नाही. या धाटणीला ‘फॅट ॲस’ म्हणतात, आणि पाच-पन्नास लोकांच्या गावोगावच्या कितीतरी शर्यती त्याच बीजातून उगवल्या आहेत. सगळ्यांची जेवणाची सोय एकाच्या गाडीच्या डिकीत असते.

आणि मग टेनेसीतली बार्कली. तिचं नाव घेतल्याशिवाय ही पार्श्वभूमी पुरी होत नाही. 1977 च्या जूनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खुनी जेम्स अर्ल रे ब्रशी माउंटन तुरुंगातून पळाला. चोपन्न तास रानात भटकल्यावर सापडला तेव्हा तो जेमतेम आठ मैलांवर होता. ते वाचून गॅरी कँट्रेल नावाच्या धावपटूला वाटलं, एवढ्या वेळात मी शंभर मैल तरी गेलो असतो. 1986 मध्ये त्याने तिथेच, फ्रोझन हेडच्या जंगलात, शर्यत सुरू केली आणि तिला बॅरी बार्कली या मित्राचं नाव दिलं. सुमारे चाळीस धावपटू, पाच फेऱ्या, साठ तास. वाटेवर खुणा नाहीत, जीपीएस वापरायला परवानगी नाही. जंगलात ठिकठिकाणी पुस्तकं लपवलेली असतात, आपल्या छातीवर लावलेल्या क्रमांकाचं पान फाडून आणायचं, तोच पुरावा. प्रवेश शुल्क एक डॉलर साठ सेंट. पहिल्यांदा येणाऱ्याने आपल्या गावाकडच्या गाडीची नंबरप्लेट आणायची.

सुटण्याची वेळ कुणाला सांगत नाहीत. कधीतरी, बहुधा रात्री-पहाटे, कँट्रेल शंख फुंकतो. आपला तोच शंख. त्यानंतर बरोबर एका तासाने तो पिवळ्या फाटकाशी सिगारेट पेटवतो आणि शर्यत सुटते. पाचही फेऱ्या वेळेत पूर्ण करणारा पहिला माणूस, मार्क विल्यम्स, 1995 मध्ये मिळाला. 2024 पर्यंत असे फक्त वीस जण झाले. विसांत एकच बाई, जॅस्मिन पॅरिस. 2024 मध्ये साठ तास भरायला 99 सेकंद उरले असताना तिने फाटकाला हात लावला आणि तिथेच खाली कोसळली.

ही झाली नावाजलेली नावं. पण मला ज्या शर्यती जवळच्या वाटतात त्यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसतात. ऐंशी-शंभर लोक, एका उद्यानाचा परवाना, आणि परवान्यावर लिहिलेला कमाल आकडा. मी धावण्यापेक्षा तिथे पाणवठ्यावर जास्त उभी राहिले आहे. टेबलावर उकडलेल्या बटाट्यांचे तुकडे आणि शेजारी मिठाची वाटी, संत्र्याच्या फोडी, पाण्याची पिंपं. कागदी पेले नसतात, ज्याचा पेला त्याने आणायचा, नाहीतर ओंजळ. येणाऱ्याचा क्रमांक वहीत पेन्सिलीने लिहायचा, कारण धुक्यात पेन चालत नाही. शेवटचा माणूस कोण आणि तो कुठे आहे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि तो येईपर्यंत कुणी बटाटे आवरत नाही.

त्याच्या मागून स्वीपर येतात. मागच्या हिवाळ्यात ते काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी फांद्यांना बांधलेल्या केशरी रिबिनी एकेक करून सोडायच्या आणि खांद्यावरच्या पिशवीत भरायच्या, शिवाय पडलेली वेष्टनं उचलायची. जिथे लोक वळण चुकवून गवतात शिरले होते तिथे त्या नव्या पाऊलवाटेवर वाळक्या फांद्या आडव्या टाकायच्या, म्हणजे उद्या येणारा तिकडे वळणार नाही. उद्यानाची रखवालदार बाई शेवटच्या फाटकाशी थांबली होती. तिने लावलेल्या रिबिनींचा आकडा तोंडपाठ ठेवला होता, दोनशे चाळीस. आम्ही मोजल्या, दोनशे एकोणचाळीस भरल्या. दिवे घेऊन आम्ही दोघी परत चढाला लागलो.