मनगट दुखतंय, एक्स-रे नॉर्मल: पार्श्वभूमी

मुंबईत मनगट दुखतंय म्हणून रात्री कॅज्युअल्टीत गेलात की पुढचं ठरलेलंच, केसपेपर, एक्स-रे, "फ्रॅक्चर नाहीये", डायक्लो या वेदनाशामकाचं इंजेक्शन, क्रेप बँडेज आणि सकाळी ऑर्थो ओपीडीला दाखवा. तिथल्या डॉक्टरांना तरी काय बोलणार, त्यांना आधी हाड मोडलंय का, पू झालाय का हेच बघायचं असतं. पण अंगठ्याच्या बाजूने महिनोन्‌महिने दुखणारं मनगट बऱ्याचदा टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं असतं आणि ते साध्या एक्स-रेत दिसत नाही.

गंमत बघा, एक्स-रेचा शोध १८९५ चा आणि त्याच वर्षी फ्रिट्झ द कर्व्हेन या स्विस सर्जनने हे दुखणं असलेले पाच पेशंट लिहून ठेवले. अंगठा बाजूला नेणारे आणि सरळ करणारे दोन टेंडन मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात, त्याचं आवरण जाड झालं की ते आत घासायला, अडकायला लागतात. त्याआधी इंग्रजी पुस्तकांत हे कपडे पिळणाऱ्या बायकांचं दुखणं म्हणून यायचं, आपल्याकडे आता तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आया जास्त सापडतात.

एक्स-रेचं मशीन कॅज्युअल्टीत जाऊन बसलं, हाताने करायची टेस्ट मात्र मागे राहिली. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. फिंकेलस्टाइनने सांगितलं की डॉक्टरने पेशंटचा अंगठा धरून हात झटकन करंगळीकडे वळवायचा, कळ आली की बऱ्यापैकी कळलं. व्हिडिओत दाखवतात ती अंगठा मुठीत दाबून करायची टेस्ट खरं तर आयकहॉफची, १९२७ ची, आणि त्यात धडधाकट माणूसही ओरडतो!

१९५० च्या दशकात स्टेरॉइडचं इंजेक्शन आलं. अजूनही अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट आणि ते इंजेक्शन यावर बहुतेकांचं भागतं, पण सुईच्या जागी कातडी पांढरी पडू शकते, आपल्या रंगावर ते उठून दिसतं, आणि डायबेटिस असेल तर काही दिवस शुगर चढते, हे आधी विचारून घ्या. नाहीच जमलं तर बोगद्याचं छत कापून मोकळं करायचं, हे ऑपरेशन द कर्व्हेनच्या काळापासूनचंच.

फक्त लोकलमधून उतरताना वगैरे हातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, स्कॅफॉइड या मनगटातल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत सुटू शकते, म्हणून प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून दहा-चौदा दिवसांनी परत फोटो काढतात.