वर्क फ्रॉम होम की हायब्रिड? ट्रॅफिकच्या हिशेबात दोन्ही एक नाहीत

पुण्याजवळच्या हिंजवडीच्या कंपनीतला कुणी "आम्हाला वर्क फ्रॉम होम आहे" म्हणाला, की लगेच विचारावं: रोज, की हायब्रिड, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस घरून आणि बाकीचे ऑफिसात? बोलताना दोन्हींना तेच नाव देतात आणि दोन्हींमुळे ट्रॅफिक कमी होईल असं धरूनही चालतात. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातून जाणाऱ्याला मात्र या दोहोंचा अनुभव सारखा येत नाही.

रोजच घरून काम असेल तर सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्याच रद्द होतात, आणि त्याही सगळ्या दिवशी सारख्या. थोड्या गाड्या कमी झाल्या तरी फरक मोठा पडतो. समजा, एका चौकातून तासाला हजार गाड्या पार होतात. नऊशे आल्या तर सगळं सुरळीत. अकराशे आल्या तर तासाभरात शंभर गाड्या मागे साचतात, दुसऱ्या तासाला दोनशे. म्हणजे कोंडी फोडायला निम्मे लोक घरी बसायची गरज नसते, दहा-पंधरा टक्केही पुरतात. पण ते कमी व्हायला हवेत नेमके गर्दीच्या दिवशी.

हायब्रिडची गोम इथेच आहे. सोमवारी आणि शुक्रवारी घरी राहायला सगळ्यांनाच आवडतं, आणि मीटिंगा मंगळवार ते गुरुवारमध्ये कोंबल्या जातात. आठवड्याची सरासरी काढली तर फेऱ्या घटलेल्या दिसतात. बुधवारी मात्र रांग जवळपास पूर्वीएवढीच. रस्ता, बस, मेट्रोचे डबे हे सगळं सांभाळावं लागतं ते त्या बुधवारासाठी. सरासरीचं कौतुक कंपनीच्या अहवालात शोभतं.

लंडनला हा अनुभव आधीच आलाय. तिथे शुक्रवारी रेल्वेगाड्या रिकाम्या धावू लागल्या म्हणून 2024 च्या मार्च ते मे या काळात शुक्रवारी दिवसभर कमी गर्दीच्या वेळचं स्वस्त भाडं लावून पाहिलं. प्रवासी फारसे वाढले नाहीत. लोक घरी थांबत होते ते तिकीट महाग म्हणून नव्हे, हे त्यातून दिसलं. त्याआधी, 2021 मध्ये, इंग्लंडच्या रेल्वेने 28 दिवसांतले कुठलेही 8 दिवस वापरता येईल असा पास काढला होता. तो थेट हायब्रिडवाल्यांसाठीच.

मुंबईच्या लोकलला तसा पास नाही, आणि गंमत म्हणजे त्याची निकडही कमी आहे. सेकंड क्लासचं किमान तिकीट 5 रुपये, महिन्याचा पास 100. दहा दिवस ये-जा केली की पैसे वसूल. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस असलेला माणूस पास काढतोच, आणि पास खिशात असला की रविवारीही गाडी पकडतो. पूर्ण वेळ घरी असलेला पास सोडून देतो आणि एखाद्या वेळी बाहेर पडायचं झालं तर सरळ कॅब बोलावतो.

घर कुठे घ्यायचं तेही यावर ठरतं. रोज घरून काम असणारा सातारा-सांगलीला गावी जाऊन राहू शकतो. दोन दिवस ऑफिस असणारा तेवढा लांब जात नाही, पण बदलापूर, कर्जत, तळेगाव त्याला चालतं. त्याच्या फेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक फेरीचं अंतर वाढतं.

घरून काम करणारा घरातच बसून असतो, हाही एक गैरसमज. पूर्वी ऑफिसातून येताना वाटेतच भाजी घ्यायची, औषधं घ्यायची, मुलाला क्लासहून आणायचं, सगळं एका फेरीत. आता कोथिंबिरीसाठी वेगळी स्कूटर निघते, दुपारी मुलासाठी वेगळी, आणि उरलेलं डिलिव्हरीवाला आणतो. मोठा रस्ता मोकळा होतो आणि सोसायटीबाहेरच्या गल्लीत दुपारी चार वाजता हॉर्न वाजू लागतात.

या सगळ्यात ज्यांना घरून काम करताच येत नाही, ते सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगवाले, कॅन्टीनवाले, शुक्रवारीही कामावर येतातच. त्या दिवशी शेअर रिक्षा भरायला वेळ लागतो. माणसं कमी म्हणून कंपनीच्या बसच्या फेऱ्याही कमी केल्या जातात. मग शुक्रवारी शिफ्ट असलेला माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि एकदा हप्ते सुरू झाले की बुधवारीही बसऐवजी तिच्यावरूनच येतो.