हात मुलांचेच हवेत: ‘ओडिसी ऑफ द माइंड’च्या नियमांची पार्श्वभूमी

‘ओडिसी ऑफ द माइंड’ या अमेरिकेत सुरू झालेल्या शालेय स्पर्धेत मुलांचे संघ एखादं कल्पक कोडं सोडवून त्याचं उत्तर मंचावर मांडतात. तिचं नियमपुस्तक दर हंगामात थोडंफार बदलतं. कधी खर्चाची मर्यादा सरकते, कधी एखाद्या कलमाला नवं स्पष्टीकरण जोडलं जातं, कधी गुणपत्रिकेतला एखादा रकाना जातो आणि दुसरा येतो. नव्याने आलेल्या पालकांना हा कागदी काथ्याकूट वाटतो. पण बहुतेक बदलांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: मंचावर जे दिसतंय ते खरोखर मुलांनी केलंय का? हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात, म्हणजे आजच्या रोवन विद्यापीठात, सॅम्युएल मिकलस इंडस्ट्रियल डिझाइन शिकवत. ते विद्यार्थ्यांना चमत्कारिक कामं देत. बिनचाकाचं वाहन बनवा. क्रीमची पेस्ट्री भिरकावणारं यंत्र बनवा. पाण्यावर तरंगत पलीकडे नेईल असं काहीतरी बनवा. गुण देताना वस्तू चालली की नाही यापेक्षा कल्पना किती वेगळी होती आणि विद्यार्थ्याने किती धोका पत्करला हे ते बघत. या वर्गाची कीर्ती गावात पसरली, बघ्यांची गर्दी होऊ लागली आणि त्यातून शाळकरी मुलांसाठी स्पर्धा घ्यायची कल्पना निघाली. राज्याच्या शिक्षण खात्यातले थिओडोर गॉर्ली यांच्या साथीने 1978 साली पहिली स्पर्धा झाली. न्यू जर्सीतल्या 28 शाळा त्यात उतरल्या.

काळही अशा प्रयोगाला अनुकूल होता. जे. पी. गिलफर्ड यांनी 1950 साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे लक्ष वेधलं होतं. 1957 मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकी शाळांचं काय चुकतंय यावर देशभर वाद पेटला. मुलांना भविष्यातल्या प्रश्नांवर विचार करायला लावणारा, मानसशास्त्रज्ञ पॉल टॉरन्स यांचा ‘फ्यूचर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा उपक्रम 1974 पासून सुरू होता. मिकलस यांचं वेगळेपण असं, की त्यांनी मुलांच्या हातात कागदाबरोबर लाकूड, दोरी आणि गोंदही दिला.

पहिला मोठा बदल नावाचा होता. सुरुवातीला ही स्पर्धा ‘ऑलिंपिक्स ऑफ द माइंड’ म्हणून ओळखली जाई. योगायोग असा, की त्याच 1978 साली अमेरिकेत हौशी क्रीडाविषयक कायदा झाला आणि ‘ऑलिंपिक’ या शब्दाच्या वापराचे हक्क तिथल्या ऑलिंपिक समितीकडे गेले. समितीने हरकत घेतली. ऐंशीच्या दशकात ‘ऑलिंपिक्स’च्या जागी ‘ओडिसी’ आलं आणि ‘ओएम’ ही आद्याक्षरं तेवढी वाचली.

स्पर्धेचा सांगाडा मात्र फारसा हललेला नाही. संघात जास्तीत जास्त सात मुलं. दरवर्षी पाच नवे ‘लाँग टर्म प्रॉब्लेम’ जाहीर होतात: वाहनाचा, तांत्रिक करामतींचा, अभिजात साहित्य-कलेवर आधारलेला, संरचनेचा आणि सादरीकरणाचा. संघ त्यातला एक निवडतो, काही महिने त्यावर काम करतो आणि बहुतेक प्रश्नांत आठ मिनिटांत आपलं उत्तर नाट्यरूपाने मांडतो. त्याला 200 गुण, मांडणीतल्या सौंदर्याला म्हणजे ‘स्टाइल’ला 50 आणि बंद खोलीत आयत्या वेळी सोडवायच्या ‘स्पॉन्टेनियस’ प्रश्नाला 100. गटातल्या अव्वल संघाचे गुण 200 धरून बाकीच्यांचे त्या प्रमाणात काढले जातात. त्यामुळे परीक्षक कडक होते की सैल, याचा निकालावर फारसा परिणाम होत नाही.

संरचनेचा प्रश्न जवळून बघण्यासारखा आहे. मुलं बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या, पेन्सिलीपेक्षाही बारीक काड्या आणि गोंद एवढ्यावर एक मनोरा उभारतात. त्याच्या वजनाची कमाल मर्यादा वेगवेगळ्या काळात 15 किंवा 18 ग्रॅम राहिली आहे. तो आधी वजनकाट्यावर तपासतात, मग मधल्या पोकळीतून सुरक्षेचा खांब जातो आणि वर व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या एकेक करून चढू लागतात. एक मूल चकती ठेवतं, बाकीची श्वास रोखून काड्यांकडे बघतात. चांगला मनोरा शेकडो किलो पेलतो. काही वर्षांत संघांनी यात इतकं प्रावीण्य मिळवलं, की नुसतं वजन पेलणं हे कोडंच उरलं नाही. म्हणून प्रश्नकर्ते दरवर्षी नवी अट घालू लागले: वजन असतानाच मनोऱ्याला धक्का द्यायचा, किंवा त्याच्या पोटात ठेवलेल्या गोट्या भार पेलता पेलताच बाहेर सोडायच्या. मुलांनी आदल्या वर्षी शोधलेली युक्ती पुढच्या वर्षीच्या अटीला जन्म देते, आणि हे या स्पर्धेचं मोठं बळ आहे असं मला वाटतं.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. नियमपुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम बाहेरच्या मदतीचं, तिथल्या भाषेत ‘आउटसाइड असिस्टन्स’चं आहे. कल्पना, आराखडा, संवाद, रंगकाम, शिवणकाम, सगळं संघातल्या मुलांनीच करायचं. मार्गदर्शक शिवणयंत्र कसं चालवायचं हे शिकवू शकतो, पण पोशाख शिवू शकत नाही. करवत कशी धरायची ते दाखवू शकतो, पण कुठे कापायचं ते सांगू शकत नाही. प्रश्न विचारायची त्याला मुभा आहे, उत्तर सुचवायची नाही. पात्राच्या वेशाचा भाग असलेली केशभूषा आईने करून दिली तरी ती बाहेरची मदत ठरते. मंचावर जाता जाता देखावा मोडला, तर शेजारी हातोडी घेऊन उभ्या असलेल्या बाबांनी हात मागेच ठेवायचे. संघ यासाठी लेखी फॉर्म भरून देतो आणि उल्लंघन झालं तर गुण कापले जातात. आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत रात्री उशिरापर्यंत थर्माकोल कापणारे पालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे कलम का लागलं ते समजावून सांगावं लागणार नाही. मोठ्यांचा हेतू वाईट नसतो. मूल अडखळताना बघवत नाही, एवढंच. पण याच स्पर्धेत अडखळण्याला मान आहे. ग्लासबरोच्या दिवसांत पाण्यावरच्या एका किड्यासारखं केलेलं तरंगतं वाहन मोडून पडलं होतं. ते कल्पनेने इतकं देखणं होतं, की सर्जनशीलतेचा सर्वोच्च पुरस्कार आजही त्या किड्याच्या नावाने, ‘रानात्रा फुस्का’ म्हणून दिला जातो.

खर्चाच्या मर्यादेमागेही हीच काळजी आहे. प्रत्येक प्रश्नाला डॉलरमध्ये कमाल खर्च ठरलेला असतो. बरीच वर्षं ही मर्यादा साधारण 125 ते 145 डॉलरच्या आसपास राहिली. जुन्या वस्तूची किंमत दुकानातली न धरता, ती घराच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत जितक्याला जाईल तितकी धरतात. भंगारातून काम काढणाऱ्या संघाचा त्यामुळे फायदा होतो. महागाईप्रमाणे आकडा वाढवावाच लागतो, पण प्रत्येक वाढीने सधन शाळा आणि साधी शाळा यांच्यातलं अंतर थोडं रुंदावतं. म्हणून ही वाढ हात राखून केलेली बरी.

‘स्पॉन्टेनियस’मधला एक बदल मला मनापासून आवडतो. समजा, एक कागदी कप पुढे ठेवून ‘हा काय काय असू शकेल ते सांगा’ असा प्रश्न आला. साध्या उत्तराला 1 गुण मिळतो, कल्पक उत्तराला 5. पूर्वी सातपैकी पाचच मुलं त्या खोलीत उत्तर द्यायला बसत. बाहेर कुणी राहायचं हे ठरवताना बहुधा हळू बोलणारं, चटकन न सुचणारं मूलच मागे पडणार, हे उघड आहे. पुढे सातही जणांना भाग घेता येऊ लागला. नियमपुस्तकात हा एका ओळीचा बदल, पण महिनोन्‌महिने लाकूड घासणाऱ्या मुलाला त्यामुळे त्या खोलीचं दार उघडलं.

सगळ्यात मोठी उलथापालथ 1999 साली झाली. स्पर्धा चालवणारी ना-नफा संघटना आणि मिकलस कुटुंबाची ‘क्रिएटिव्ह कॉम्पिटिशन्स’ ही कंपनी यांचं फाटलं. ‘ओडिसी’ हे नाव कंपनीकडे राहिलं आणि बाहेर पडलेल्यांनी ‘डेस्टिनेशन इमॅजिनेशन’ ही वेगळी स्पर्धा उभी केली. कितीतरी राज्यांतल्या स्वयंसेवकांना, मार्गदर्शकांना बाजू निवडावी लागली. नव्या घराने आपली परिभाषा घडवली: आयत्या वेळचा प्रश्न ‘इन्स्टंट चॅलेंज’ झाला, बाहेरच्या मदतीला ‘इंटरफिअरन्स’ म्हणजे हस्तक्षेप म्हणू लागले. गुणांचं गणितही बदललं. तिथे एकूण 400 गुणांपैकी 60 गुण संघाने स्वतः निवडलेल्या घटकांना असतात, म्हणजे मुलांना आपली आवड आणि कौशल्य दाखवायला हक्काची जागा मिळते. भांडण मोठ्यांचं होतं, पण मुलांचं काम मुलांनीच करायचं या कलमाला दोन्हीकडे कुणी धक्का लावला नाही.

कोविडच्या साथीत जागतिक अंतिम फेरी मैदानावरून पडद्यावर गेली आणि संघांनी आपली सादरीकरणं चित्रित करून पाठवली. तोवर परीक्षक समोर उभं राहून विचारत, ‘हे कुणी केलं?’ आणि मुलाच्या उत्तरातूनच पुष्कळ काही कळे. चित्रफितीत ते निसटतं. आता मुलं हाताशी असलेल्या एआयला संवाद लिहायला सांगू शकतात, आराखडा मागू शकतात. शिवणयंत्र वापरायला शिकणं आणि शिवून घेणं यांतली रेघ नियमकर्त्यांनी चार दशकांपूर्वी आखली होती. तीच रेघ या नव्या साधनाच्या बाबतीत कुठे ओढायची, हे आता त्यांना ठरवायचं आहे.