निऑन टेट्राचा थवा घरात कसा आला?

रात्री मध्येच उठून टँकचा दिवा लावला, तर समोरचे मासे निऑन टेट्राच आहेत का, असा प्रश्न पडतो. झळाळती निळी रेषा विझून जांभळट-राखाडी झालेली असते, शेपटीकडचा लाल पट्टा फिकटलेला असतो आणि थवाही विस्कटलेला असतो. काही मिनिटं थांबलं की रंग हळूहळू परत चढतो. तो निळा खरं तर रंगद्रव्याचा नसतोच. त्वचेतल्या पेशींत ग्वानीन या चकचकीत स्फटिकी पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो आणि चकत्यांमधलं अंतर बदललं की रंगही बदलतो.

जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा हा मासा घरोघरी, तोही थव्याने दिसू लागला, त्याला तसा फार काळ लोटलेला नाही.

१८५० मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून टाकीतलं पाणी टिकवता येतं हे दाखवून दिलं. छंद पसरला, पण उष्ण प्रदेशातले मासे आणायचे म्हणजे बोटीवर कित्येक दिवस काढायचे. १८६९ मध्ये पॅरिसला पोहोचलेला पॅराडाइज फिश अशा प्रवासातही तगू शकत होता, कारण तो पाण्यावर तोंड काढून थेट हवेतला प्राणवायू घेतो. टेट्राला ती सोय नाही. डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू संपला की खेळ संपला.

निऑन बाहेरच्या जगाला माहीत झाला तो १९३० च्या दशकात. ओग्युस्त राबो या फ्रेंच संग्राहकाने वरच्या ॲमेझॉन खोऱ्यातून तो आणला. मग त्याचे नमुने फिलाडेल्फियाचे प्रकाशक विल्यम इनेस यांच्यामार्फत मत्स्यतज्ज्ञ जॉर्ज मायर्स यांच्याकडे गेले. मायर्स यांनी १९३६ मध्ये या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नावात इनेस यांना स्थान दिलं: इनेसाय.

त्याच्या चुलत भावाचं, कार्डिनल टेट्राचं बारसं मात्र गाजलं. पोटाखालून तोंडापासून शेपटीपर्यंत लाल असलेल्या या माशाचं वर्णन फेब्रुवारी १९५६ मध्ये दोन ठिकाणी छापून आलं. मत्स्यतज्ज्ञ लेनर्ड शुल्त्झ यांनी शोभिवंत माशांवरच्या पुस्तकांचे प्रकाशक हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्या नावावरून ‘ॲक्सेलरोडाय’ म्हटलं, तर मायर्स आणि स्टॅनली वाइट्झमन यांनी ‘कार्डिनॅलिस’. दोन्ही प्रकाशनांत अंतर एका दिवसाचं. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत प्रकरण गेलं आणि शुल्त्झ यांचं आधी छापलेलं नाव कायम झालं. मला मात्र मनापासून आवडतं ते दुसरं नाव, आणि ते हरलं असं तरी कसं म्हणायचं? दुकानात कुणीही कार्डिनलच मागतं.

थव्याने मासे पाळणं आवाक्यात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. विमानवाहतूक वाढली आणि प्लॅस्टिकची पिशवी आली. तळाशी थोडं पाणी, वर फुगवलेला प्राणवायू, तोंड घट्ट बांधलेलं. माझ्या मते या छंदात फिल्टरइतकंच श्रेय या पिशवीला द्यायला हवं. दुसरी अडचण पैदाशीची होती. निऑनची अंडी कठीण पाण्यात नीट उबत नाहीत आणि उजेडही त्यांना सोसत नाही. मऊ, किंचित आम्लयुक्त पाणी आणि अंधारी टाकी हे गणित जमल्यावर आशियातल्या मत्स्यपैदास केंद्रांतून निऑन मोठ्या संख्येने निघू लागले. एक दुखणं मात्र त्यांच्यासोबत राहिलं. १९४१ मध्ये वर्णन झालेला प्लिस्टोफोरा हा परजीवी स्नायू पोखरतो, मासा ठिकठिकाणी पांढुरका पडतो आणि खात्रीचा इलाज आजही नाही.

मासे मुबलक झाले, म्हणून ‘किमान सहा तरी ठेवा’ हा सल्ला पाळता येऊ लागला. सहा म्हणजे अगदी कमीत कमी; जागा असेल तर दहा-बारा ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगेन. शिकाऱ्याला एका माशावर नजर रोखता येऊ नये म्हणून ही जात घोळक्याने फिरते. एकटा निऑन वनस्पतीआड दबून राहतो, त्याचा रंगही उतरतो.

कार्डिनलची वाट वेगळी. तो दीर्घकाळ प्रामुख्याने ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीतूनच येत राहिला. नदीकाठच्या बार्सेलोस परिसरात हे मासे धरणाऱ्यांना ‘पियाबेरो’ म्हणतात. पाल्यापाचोळ्याने चहासारख्या झालेल्या पाण्यात, बुडालेल्या झाडांमधून ते होडी नेतात आणि हातजाळीने मासे धरतात. १९८९ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ लॅबिश चाओ यांच्या पुढाकाराने तिथे ‘प्रोजेक्ट पियाबा’ सुरू झाला. मासा विकत घ्या, झाड वाचवा, असं त्यांचं म्हणणं: या माशांवर पोट भरत राहिलं, तर जंगल तोडून दुसरा धंदा शोधायची वेळ येणार नाही. पैदास केंद्रांत कार्डिनलही निपजू लागल्यापासून पियाबेरोंची गिऱ्हाइकं मात्र तिकडे वळू लागली आहेत.