गार्बोचे हेरजाळे

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा पगार खाऊन ब्रिटनची चाकरी करणारा स्पॅनिश दुहेरी हेर हुआन पुजोल गार्सिया (१९१२–१९८८) याने निव्वळ कागदावर उभे केलेले जाळे. ब्रिटिशांनी त्याला ‘गार्बो’ हे टोपणनाव दिले. जाळ्यात २७ हेर होते आणि ते सगळेच्या सगळे काल्पनिक होते.

पुजोल बार्सिलोनाचा; कोंबडीपालन हा त्याचा मूळ व्यवसाय. स्पेनच्या यादवी युद्धात त्याला फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट दोघांचाही वीट आला. १९४१ मध्ये त्याने माद्रिदमधील ब्रिटिश वकिलातीला हेरगिरीची तयारी कळवली, पण कोणी दाद दिली नाही. मग तो कट्टर नाझीभक्ताचे सोंग घेऊन जर्मनांकडे गेला. त्यांनी अदृश्य शाई, सांकेतिक लिपी आणि ६०० पौंड देऊन त्याला लंडनला धाडले. हा गेला लिस्बनला! तिथे बसून प्रवासी मार्गदर्शिका आणि वाचनालयातली मासिके चाळत तो ‘लंडनहून’ अहवाल लिहू लागला. लिटरभर वाइनसाठी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची माणसे वाटेल ते करतील, असे त्याने बेधडक लिहिले. तिथे वाइन कोण पितो? पौंड-शिलिंग-पेन्सचा हिशेब त्याला जमेना, म्हणून खर्चाच्या बाबी कळवायच्या आणि बेरीज मागाहून पाठवतो म्हणायचे. जर्मनांना यात काही खटकले नाही.

एप्रिल १९४२ मध्ये एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर खात्याने त्याला खरोखरच लंडनला आणले. टॉमी हॅरिस या स्पॅनिश जाणणाऱ्या अधिकाऱ्यासोबत त्याने ३१५ पत्रे लिहिली, सरासरी २,००० शब्दांची. वरून साधे पत्र, आत अदृश्य शाईतला मजकूर. प्रत्येक काल्पनिक हेराला स्वभाव, तक्रारी आणि खर्च असत. लिव्हरपूलच्या हेराने ताफ्याची हालचाल का कळवली नाही, हा प्रश्न टाळण्यासाठी त्याला आजारी पाडून मारले, स्थानिक वर्तमानपत्रात निधनवार्ता छापली आणि विधवेसाठी जर्मनांकडून पेन्शनही मिळवली.

घरात मात्र हाल होते. पत्नी अरासेली परक्या देशात कंटाळली आणि १९४३ मध्ये तिने स्पॅनिश वकिलातीत जाऊन सगळे फोडण्याची धमकी दिली. तेव्हा पुजोलच्याच सूचनेवरून, तिच्यामुळे नवऱ्याला अटक झाल्याचा बनाव रचून तिला डोळे बांधून कैदी-छावणीत नेण्यात आले. जर्मनांना फसवण्याचे कौतुक करताना हा प्रसंग विसरू नये.

जाळ्याची खरी कमाई नॉर्मंडीची, म्हणजे फ्रान्सच्या या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या तेव्हाची. ६ जून १९४४ च्या पहाटे ३ वाजता त्याने जर्मनांना या आक्रमणाची सूचना पाठवली. मुद्दाम इतक्या उशिरा, की तिचा उपयोग होऊ नये पण त्याची पत मात्र वाढावी. जर्मनांचा माद्रिदमधला बिनतारी कर्मचारी ८ पर्यंत जागेवर नव्हता, त्यामुळे सूचना आणखी शिळी झाली आणि पुजोलने उलट जर्मनांनाच झापले. ९ जूनला त्याने कळवले, की नॉर्मंडी ही केवळ हूल आहे, मुख्य हल्ला फ्रान्सच्याच पा-द-कॅले येथे होणार. जर्मनांनी तिथल्या मोठ्या फौजा आठवडेच्या आठवडे हलवल्या नाहीत. जुलैत जर्मनांनी त्याला ‘आयर्न क्रॉस’ हे लष्करी पदक जाहीर केले. वर्षअखेर ब्रिटिशांनी एमबीई हा किताब दिला.

युद्धानंतर नाझींच्या सूडाच्या भीतीने त्याने अंगोलात मलेरियाने मेल्याची बातमी १९४९ मध्ये उठवली आणि व्हेनेझुएलात पुस्तकांचे व भेटवस्तूंचे दुकान थाटले. १९८४ मध्ये तो जिवंत सापडला.