पाण्याला ओढ किती आहे?

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना लावतो, पण पाण्याबद्दलही ती शब्दशः खरी आहे. वाहत्या पाण्याची खळखळ मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची असते. उथळ जागी पाणी दगडांवर आपटतं, हवा गिळतं आणि एकेक बुडबुडा घुंगरासारखा वाजतो. बुडबुडा जितका लहान तितका त्याचा सूर उंच, हे गणित मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३,३०० कंपनांचा सूर काढतो. डोहात हवा मिसळत नाही, म्हणून डोह मुका.

पोहायला, होडी वल्हवायला किंवा नुसतं पलीकडे जायला काठावर उभं राहिलात, तर आधी कान द्या. काल खळाळणारी जागा आज गप्प असेल आणि पाणी आटलेलं दिसत नसेल, तर ते चढलं आहे. आवाज करणारे दगड आता खाली बुडाले आहेत. त्यातच तळातून गडगडल्यासारखा घुमणारा आवाज आला, तर समजावं की तळातले गोटे जागचे हलू लागलेत. मग त्या दिवशी काठच बरा.

‘पाण्याला ओढ आहे’ असं आपण सहज म्हणतो. ही ओढ मोजायला उपकरण लागत नाही. काठाने १० मीटर अंतर मोजा, वरच्या टोकाला काटकी टाका आणि सेकंद मोजा. काटकी १० सेकंदांत पोचली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १ मीटर. तळाशी घर्षणामुळे पाणी रेंगाळतं, त्यामुळे सरासरी वेग याच्या साधारण ८५ टक्के धरतात. गंमत पुढे आहे. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मांडीभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर १ मीटर वेगाला साधारण १० किलो वजनाइतका रेटा येतो. वेग दुप्पट झाला की तो ४० किलोंवर जातो. शिवाय पाणी जितकं खोल तितकं ते आपल्याला वर उचलतं, पायांवरचा भार कमी होतो आणि तळाची पकड सुटते. म्हणून खोली एकटी पाहून चालत नाही आणि वेगही एकटा पाहून चालत नाही. दोहोंचा गुणाकार पाहायचा. जोराच्या प्रवाहात पडल्यावर उभं राहायची धडपड करू नये तीही याचसाठी. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं, तर तोच रेटा माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतो. उताणं तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून जावं.

पृष्ठभागावर काही खुणा उघड लिहिलेल्या असतात. प्रवाहाच्या दिशेला टोक असलेला बाण दोन दगडांमधली मोकळी वाट दाखवतो. टोक वरच्या अंगाला असेल, तर तिथे पाण्याखाली दगड आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि जोरकस, आतल्या बाजूला वाळू. आडवं पडलेलं झाड मात्र निरुपद्रवी दिसतं आणि ते सर्वांत वाईट: फांद्यांमधून पाणी गाळणीसारखं निघून जातं, माणूस अडकतो.

सगळ्यात फसवा असतो तो बुटका बंधारा. वरून पडलेलं पाणी थेट तळाशी जातं, थोडं पुढे उसळतं आणि त्यातला पृष्ठभागावरचा भाग उलटा फिरून बंधाऱ्याकडेच येतो. अशा जागी ओंडके तासन्‌तास तिथल्या तिथे गरगरताना दिसतात. माणसाचंही तेच होतं. फेसात हवा भरलेली असल्यामुळे त्या पाण्याची घनता कमी, म्हणून लाइफ जॅकेटही नेहमीइतकं तारत नाही. होडीतून येताना हा बंधारा दिसतच नाही. समोर नदीवर एक आडवी सरळ रेषा तेवढी दिसते आणि तिच्यापलीकडचं पाणी गायब असतं.

आता अनेक नद्यांची पातळी मोबाइलवरही पाहता येते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं नदी मोजण्याचं पहिलं केंद्र १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोत एम्बुडो इथे, रिओ ग्रांदे नदीवर सुरू झालं. पण आकडा वाचताना एक घोटाळा होतो. ‘पातळी २ मीटर’ म्हणजे पाणी २ मीटर खोल असं नव्हे. ती मोजपट्टीच्या ठरवून घेतलेल्या शून्यापासूनची उंची असते. माझ्या मते आकड्यापेक्षा आलेखाचा कल महत्त्वाचा. पूर झपाट्याने चढतो आणि सावकाश ओसरतो, त्यामुळे उतरत्या नदीपुढे विचार करायला सवड असते, चढत्या नदीपुढे नसते.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण पाण्यात उतरणाऱ्याने ते जरूर शोधावं. डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि वरच्या खोऱ्यात काही तासांपूर्वी पडलेला पाऊस वाटेत असतो. वर धरण असेल, तर विसर्गाची वेळ आधी विचारावी. काठाला पाण्याच्या कडेवर एक दगड ठेवून अधूनमधून पाहत राहावं. तो बुडू लागला, निवळ पाणी गढूळलं किंवा पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या, तर सामान नंतर आवरावं, आधी उंचावर जावं.

तलावाला ओढ नसते, त्याचे डाव वेगळे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या गार पाण्यावर तसाच तरंगत राहतो. म्हणून पायाला कोमट लागलेल्या पाण्यात सूर मारला की काही मीटरवर अचानक गारठा झोंबतो. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की आपोआप धाप लागते, आणि तोंड त्या क्षणी पाण्याखाली असलं तर घात होतो. हा झटका साधारण एखाद-दोन मिनिटांत ओसरतो. तोवर पोहायचं नाही, नुसतं तरंगायचं. स्वच्छ पाण्याची आणखी एक लबाडी म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना खोली पाऊणपटच वाटते. छातीभर दिसणारं पाणी डोक्यावरून जातं.

वारा काठाकडून आत वाहत असेल, तर आपल्यापाशी पाणी आरशासारखं असतं आणि लाटा पलीकडच्या तीरावर उठतात. फुगवलेल्या तराफ्यावर पहुडलेला माणूस अशा वेळी नकळत मध्यावर जातो. लाटांवर जागोजाग पांढरे तुरे दिसू लागले की वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो, लहान होडीने परत फिरावं असा.

उरला प्रश्न पाणी अंगाला चालेल का हा. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबणं बरं, कारण रस्त्यांवरची आणि गटारांची घाण धुऊन पाण्यातच येते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर काठी घालून पाहावी. धागे काठीला लोंबत आले, तर ते बहुधा साधं शेवाळ. काठीला रंगासारखा लेप बसला, तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे आणि कधीकधी विषारी जीवाणू, असण्याची शक्यता मोठी. त्यांचं विष उकळूनही जात नाही. कुत्रं सोबत असेल, तर त्यालाही त्या पाण्यात उतरू देऊ नये. ते आधी पाणी पितं आणि बाहेर आल्यावर अंग चाटतं.